बारोलोला पहिल्यांदा जाताय? आधी माझा वाया गेलेला रविवार वाचा

आम्ही इटलीत तोरिनोत राहतो आणि घरी पाहुणे आले की तिसऱ्या दिवशी हमखास विषय निघतो, ते वाइनचं गाव, बारोलो का काय ते, इथे जवळच आहे ना, जाऊन येऊ की. जवळ आहे, रस्त्याने सत्तरेक किलोमीटर. आम्ही पण पहिल्यांदा असेच उठलो आणि निघालो. रविवार, महिना ऑगस्ट, बुकिंग वगैरे काही नाही. आल्बा शहरात ट्रेनमधून उतरलो तर बारोलोची बस त्या दिवशी नाहीच, टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून नवरा म्हणाला एवढ्यात नाशिक-मुंबई जाऊन येऊन होईल, तरी गेलो, आणि तिथे ज्या ज्या गेटसमोर उभे राहिलो तिथे कुलूप आणि 'सुट्टीसाठी बंद'ची पाटी. शेवटी निदान वरून बागा तरी बघू म्हणून शेजारच्या ला मोर्रा गावाचा चढ चढलो, भर उन्हात, माझ्या पायात सँडल. वाइनचा एक थेंब न चाखता परत आलो.

त्यानंतर सात-आठ वेळा जाणं झालं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षाची बाग, त्यामुळे वेल बघितला की पाय थांबतातच, पण वाइनमधलं मला शून्य कळत होतं. जे काही चुकत चुकत शिकले ते क्रमाने लिहितेय.

१. आधी नावांचा घोळ मिटवा

बारोलो हे गावाचं नाव आणि वाइनचंही. द्राक्षाचं नाव नेब्बिओलो. कांतिनात जाऊन (कांतिना म्हणजे वाइन करणाऱ्याचं तळघर, कारखाना आणि बऱ्याचदा घर पण, सगळं एकात) 'तुमची बारोलो द्राक्षाची बाग कुठेय' असं मी विचारलेलं आहे आणि ती बाई गालातल्या गालात हसलेली मला अजून आठवते.

हा सगळा डोंगराळ पट्टा म्हणजे लांगे. पिएमोंते प्रदेशात, कुनेओ जिल्ह्यात, आल्बा शहराच्या दक्षिणेला. बारोलो लिहायची परवानगी फक्त ११ गावांना आहे. त्यातली बारोलो, कास्तिल्योने फाल्लेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन पूर्ण, आणि ला मोर्रा, मोन्फोर्ते, नोवेल्लो, वेर्दूनो, ग्रिन्झाने कावूर, दियानो, केरास्को, रोद्दी यांचा काही काही भाग. १९६६ साली याला डीओसी (वाइन कुठली आणि कशी केलेली याची सरकारी हमी) दर्जा मिळाला आणि १९८० मध्ये त्याच्या वरचा डीओसीजी. २०१४ मध्ये तर इथल्या बागांच्या अख्ख्या टेकड्या युनेस्कोच्या यादीत गेल्या.

नियम बघाल तर सासूपेक्षा कडक. शंभर टक्के नेब्बिओलोच, दुसरं द्राक्ष मिसळायचं नाही. बाग टेकडीच्या उतारावरच, उत्तरेकडे तोंड असलेला उतार बाद, खालची दमट सखल जमीन बाद. तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून निदान ३८ महिने वाइन मुरवायची, त्यातले १८ लाकडात. बाटलीवर 'रिझेर्वा' लिहायचं असेल तर ६२ महिने. आणि हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन माल.

हे शेवटचं मी फोनवर माहेरी आप्पांना सांगितलं. पलीकडे हिशोब चाललेला कळत होता, मग म्हणाले, 'म्हणजे एकरी सव्वातीन टन? आणि खातात काय ही माणसं?' आमच्याकडे एकरी दहा टन निघाले तर बरं गेलं वर्ष म्हणतात. मग मी जमिनीचा भाव सांगितला, चांगल्या उतारावर हेक्टरला दहा लाख युरोच्याही वर, तेव्हा थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

शेतकऱ्याच्या घरचे असाल तर नेब्बिओलोची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. याचे डोळे म्हणजे कोंब सगळ्यात आधी फुटतात आणि माल सगळ्यात शेवटी तयार होतो, ऑक्टोबर उजाडतो (उन्हाळे तापायला लागल्यापासून कधीकधी सप्टेंबरअखेर). म्हणजे वसंतातल्या गोठवणाऱ्या थंडीतही सापडायचं आणि शरदातल्या पावसातही. काडीच्या बुडाजवळच्या डोळ्यांना घड लागत नाहीत म्हणून काडी लांब ठेवून तारेवर आडवी बांधतात. आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. इथे एकच, ऐन थंडीत, वेल झोपलेला असताना. उन्हाळ्यात घडांची विरळणी मात्र हे लोकही करतात, चांगले हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. गारपिटीच्या जाळ्याही दिसतील. २००२ मध्ये इतकी गारपीट झाली होती की बऱ्याच जणांनी त्या वर्षी बारोलो केलीच नाही.

२. कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. ऑगस्टचे मधले दोन आठवडे अख्खा इटली सुट्टीवर असतो, आमचं काय झालं ते वर वाचलंच. तोडणीच्या दिवसांत बागा देखण्या दिसतात पण मालक ट्रॅक्टरवर असतो, तुमच्याशी बोलायला त्याला वेळ नसतो, आणि छोट्या कांतिना सरळ नाही म्हणतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आल्ब्यात पांढऱ्या ट्रफलची (जमिनीखाली मिळणारी महागडी आळंबी) जत्रा असते तेव्हा खोल्यांचे भाव डोक्यावर जातात. पण खरं सांगू, मला तोच काळ आवडतो. सकाळी ला मोर्राच्या कठड्यावर उभं राहिलं की खाली दरीत नुसतं धुकं भरलेलं असतं, त्यातून एखादा किल्ला, एखाद्या चर्चचं टोक तेवढं वर आलेलं, आणि दहा वाजेपर्यंत कुणीतरी दुलई ओढून घ्यावी तसं ते धुकं विरत विरत बागांच्या रांगा दिसायला लागतात. लाल-पिवळ्या. धुक्याला इटालियनमध्ये 'नेब्बिया' म्हणतात आणि नेब्बिओलो हे नाव त्यावरूनच पडलं असं बरेच जण सांगतात. बजेट असेल तर जा, नाहीतर सोमवार-मंगळवार गाठून एका दिवसात परत या.

३. दोनच गावं निवडा, अकरा नाही

सगळ्यात मोठी चूक हीच होते. मॅपवर सगळी गावं पाच-सात किलोमीटरवर दिसतात म्हणून लोक दिवसात चार कांतिना आणि पाच गावं ठरवतात. रस्ते घाटाचे, प्रत्येक कांतिनात दीड-दोन तास सहज जातात आणि तिसऱ्या ठिकाणी जिभेला काहीच कळेनासं होतं. दिवसाला दोन कांतिना, बस.

आणि त्या दोन कुठल्या, तर एक पश्चिमेची आणि एक पूर्वेची. इथली माती ढोबळ मानाने दोन प्रकारची आहे. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडे तुलनेने नवी, निळसर-करडी, चुनखडी असलेली चिकण माती. तिथली वाइन वासाला मोकळी, थोडी मऊ, लवकर पिण्याजोगी. सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडे माती जुनी, मध्ये वाळूच्या दगडाचे थर, तिथली वाइन कडक, पाच-सात वर्षं तोंडाला लावू नये अशी. कास्तिल्योने फाल्लेत्तो दोन्हीच्या मध्ये. जाणकार लोक यावर तासभर वाद घालतील की एवढं सोपं नसतं, नसेलच, पण पहिल्या वेळी एवढा फरक जिभेने कळला तरी दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

माझी जोडी ठरलेली आहे, सकाळी ला मोर्रा आणि दुपारी सेर्रालुंगा. ला मोर्रातून खाली ब्रुनातेच्या बागांत उतरलं की एक रंगीबेरंगी चॅपल लागतं, सॉल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या चित्रकारांनी १९९९ मध्ये रंगवलेलं, आजूबाजूला फक्त वेल आणि मध्येच लाल-निळं-पिवळं घर, लहान मुलं खूश होतात. सेर्रालुंगाला चौदाव्या शतकातला उंच सडपातळ किल्ला आहे. गाडी नसेल तर मग बारोलो गावातच थांबा. तिथल्या किल्ल्यात वाइन म्युझियम आहे, त्याच इमारतीत एनोतेका रेजिओनाले आहे जिथे वेगवेगळ्या लोकांची बारोलो ग्लासवर चाखता येते, आणि शेजारी बूच काढायच्या स्क्रूंचं एक म्युझियम आहे, हो, नुसत्या स्क्रूंचं.

इतिहासवाल्यांसाठी ग्रिन्झाने कावूरचा किल्ला. इटलीचा पहिला पंतप्रधान झालेला काउंट कावूर १८३२ ते १८४९ या गावाचा मेयर होता. त्याने इथे आणि मार्केझा जुलिया फाल्लेत्तीने बारोलोत वाइन सुधारायला घेतली, तोवर नेब्बिओलोची वाइन बरेचदा गोडसर राहायची. श्रेय नक्की कुणाचं यावर अजून भांडणं आहेत.

४. बुकिंग

कांतिना म्हणजे बार नाही, वाटेत दिसली म्हणून आत शिरलो असं चालत नाही. दोन-तीन आठवडे आधी ईमेल करा. इंग्रजी चालतं, पण सुरुवातीला दोन ओळी इटालियन टाका, उत्तर लवकर येतं हा माझा अनुभव. ईमेलमध्ये तारीख, वेळ, किती जण, त्यातले पिणारे किती, लहान मुलं आहेत का, सोबत काही खायला देणार असाल तर व्हेज किती, आणि टूर इंग्रजीत हवी का, एवढं लिहा. आणि पैसे किती ते आधीच विचारा, यात लाजायचं काही नाही. आम्हाला माणशी २० ते ४० युरो पडले, काही ठिकाणी बाटल्या घेतल्या तर त्यातून वजा केले.

रविवारी बरेच जण बंद असतात आणि साडेबारा ते अडीच जेवणाची सुट्टी असते, त्यामुळे सकाळी दहाची आणि दुपारी तीनची वेळ मागा. मोठ्या नावाच्या लोकांनी उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांची वाइन दरवर्षी आधीच विकलेली असते. छोट्या घरात गेलात तर मालक किंवा त्याची मुलगीच सगळं दाखवते. जाणं रद्द झालं तर कळवा हो. एका ठिकाणी मला सांगितलं की परदेशी ग्रुप न कळवता येत नाहीत आणि उघडलेल्या बाटल्या तशाच पडतात. मला उगाच आपल्यालाच बोलल्यासारखं वाटलं.

५. जवळ काय काय हवं

पासपोर्ट किंवा इथलं ओळखपत्र. गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय लायसन्स आणि त्यासोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, नुसतं लायसन्स चालत नाही, आणि परमिट भारतातूनच काढून आणावं लागतं. इटलीत राहायला येऊन वर्ष उलटलं असेल तर हे दोन्ही मिळूनही चालत नाही, इथलं लायसन्स लागतं. ड्रायव्हरच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड बघून आम्हाला काउंटरवरून परत पाठवलेलं आहे. बुकिंगचे ईमेल फोनमध्ये सेव्ह करून, कारण दरीत उतरलं की रेंज जाते. थोडी कॅश. पाण्याची बाटली. बंद बूट (सँडलचा विषय झालाय). बाटल्या गुंडाळायला जुने स्वेटर किंवा बबल रॅप. तळघरात मे महिन्यातही थंडी वाजते, एक जाकीट असू द्या.

आणि अत्तर, परफ्यूम अजिबात नको. वास घ्यायचाच कार्यक्रम असतो आणि तुमच्या एकट्यामुळे अख्ख्या खोलीचा बोऱ्या वाजतो.

६. पोचायचं कसं

तोरिनोहून आल्ब्याला ट्रेन आहे, काही थेट, काहींना ब्रा किंवा काव्हाल्लेरमाज्जोरेला बदलावी लागते, सव्वा तासाच्या आसपास धरा. ट्रेनमधून उतरल्यावर आल्ब्यात कधीकधी भाजलेल्या हेझलनटचा वास येतो, न्यूटेलावाल्या फेर्रेरोचा कारखाना इथेच आहे. तिथून पुढे पंधरा किलोमीटरचा खरा प्रश्न असतो. बस आहेत पण मोजक्या, वेळापत्रक बघून मगच विश्वास ठेवा आणि रविवारचा विचार सोडा.

गाडी सोयीची, पण मग गाडी चालवणाऱ्याने प्यायची नाही. इटलीत मर्यादा रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची, आणि लायसन्स मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. 'मी नुसतं चाखणार' असं म्हणणारा माणूस दुसऱ्या कांतिनात काय करतो ते मला माहितीय, माझ्याच घरात आहे तो. आम्ही आता चौघे मिळून ड्रायव्हरसकट गाडी करतो, माणशी फार पडत नाही. जुन्या गावांच्या मध्यभागी झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) पाटी दिसली तर आत घुसू नका, कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची चिठ्ठी चार महिन्यांनी घरी येते.

७. चाखताना

पहिल्या घोटाला बारोलो आवडली नाही तर तुमचं काही चुकलेलं नाही. माझं तोंड असं झालं होतं की जणू कच्चं जांभूळ चावलं आणि वर कोरा चहा प्यायले. तो तुरटपणा म्हणजे टॅनिन, नेब्बिओलोच्या साली-बियांत ते भरपूर असतं, आणि वर्षानुवर्षं मुरवतात ती त्यासाठीच.

म्हणून क्रम पाळा. आधी दोल्चेत्तो, मग बार्बेरा (दोन्ही इथलीच वेगळी द्राक्षं), मग लांगे नेब्बिओलो (द्राक्ष बारोलोचंच, पण तेवढी न मुरवलेली), शेवटी बारोलो. बहुतेक ठिकाणी तेच ओततात पण कुणी थेट बारोलोपासून सुरू करत असेल तर सांगा की बाबा खालून सुरू कर. आणि ग्लासातला रंग बघून फसू नका. रंग फिकट असतो, पलीकडची बोटं दिसतात, जुनी असेल तर विटकरी झाक येते. आमच्या एका पाहुण्याने 'पाणी घातलंय का' असं मराठीत विचारलं, नशीब मराठीत.

वासाबद्दल पुस्तकात 'गुलाब आणि डांबर' असं लिहिलेलं असतं, मला ते थट्टा वाटायची. मग एकदा आठ-नऊ वर्षांची बाटली उघडली आणि खरंच, सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि त्यामागे नव्या रस्त्याचा वास, दोन्ही. तरुण बाटलीत एवढं कळत नाही.

टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं, ते थुंकण्यासाठी. आपल्याला पिकदाणीची परंपरा असूनही लोक तिथे भयंकर लाजतात. बिनधास्त थुंका, सगळे थुंकतात, मालक सगळ्यात आधी. पाच-सहा ग्लास पिऊन दुपारची दुसरी कांतिना झेपत नाही.

विचारायचे प्रश्न दोन. वाइन सालीवर किती दिवस ठेवता, आणि लाकूड कुठलं, मोठे पिंप की लहान. या दुसऱ्या प्रश्नावरून इथे बाप-लेकांची भांडणं झालीत. जुनी रीत म्हणजे स्लाव्होनियन ओकची हजारो लिटरची पिंपं. ऐंशीच्या दशकात तरुण पोरांनी फ्रान्समधली २२५ लिटरची लहान पिंपं आणली, वाइन लवकर मऊ व्हावी म्हणून. ला मोर्राच्या एलिओ आल्तारेने १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं चक्क चेनसॉने कापली आणि वडिलांनी त्याला वारसातून काढलं. उलट बाजूला बारोलो गावातल्या बार्तोलो मास्कारेल्लोने 'नो बारीक, नो बेर्लुस्कोनी' असं लेबलच काढलं होतं, बारीक म्हणजे ते लहान पिंप आणि बेर्लुस्कोनी हा इटलीतला राजकारणी. आता ते भांडण बरंच निवलंय, पुष्कळ जण पुन्हा मोठ्या पिंपांकडे वळलेत. तुम्हाला लहान पिंपातला व्हॅनिलासारखा वास आवडला की नाही एवढं स्वतःपुरतं ठरवा, म्हणजे पुढे बाटली निवडायला सोपं जातं.

शेतीतले कुणी सोबत असतील तर त्यांना जरूर न्या, पिणारे नसले तरी. आप्पा माळकरी, त्यांनी ग्लासाला हात लावला नाही. पण सेर्रालुंगाच्या एका बागेत ते वाकले, ढेकूळ बोटांनी फोडून बघितलं आणि मला म्हणाले, 'चुनखडी आहे गं, आपल्याकडे असल्या जमिनीत वेल पिवळे पडतात, विचार त्याला खुंट कुठलाय.' मी खुंटाला (ज्याच्यावर वेलाचं कलम बांधतात तो मुळांचा भाग) इटालियन शब्द शोधत बसले तोवर त्या म्हाताऱ्या मालकाने आप्पांचं बोट वेलाच्या जोडावर टेकलेलं बघूनच ओळखलं, चुनखडीत टिकणारा अमेरिकन खुंट आहे म्हणाला, आणि पुढचा अर्धा तास दोघं हातवारे करून बोलत होते. मालकाला विचारून एक मणी तोंडात टाकला आप्पांनी. 'साल चिवट, बी मोठं, मण्याला साइज नाही. मार्केटला कुणी घेणार नाही.' हे मी भाषांतर केलं नाही.

८. जेवण, विशेषतः व्हेज लोकांसाठी

रिकाम्या पोटी बारोलो नको, ती जेवणाबरोबरच खुलते. मांसाहारी असाल तर ब्राझातो, वाइनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं बीफ, हे इथलं ठरलेलं लग्न आहे. बीफ नको असेल तर ऑर्डर देताना नीट विचारा, कारण इथे कच्चं मांस, ट्यूनाच्या सॉसमधले थंड काप, सगळीकडे गोवंशच असतो.

व्हेजवाल्यांनी सापळे लक्षात ठेवा. 'प्लिन' नावाचे चिमूटभर आकाराचे पुडके लोणी आणि सेजच्या पानांमध्ये परतून देतात, वरून बघता अगदी शाकाहारी, आत बीफ आणि डुकराच्या मांसाचं सारण. 'बान्या काउदा' म्हणजे भाज्या बुडवून खायचा गरम सॉस, त्यात मासे. रिसोत्तो बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात शिजवतात. 'सोनो वेजेतारियाना' (पुरुषांनी वेजेतारियानो) म्हणा आणि वर 'नियेंते कार्ने, नियेंते ब्रोदो, नियेंते पेशे' (मांस नको, मांसाचं पाणी नको, मासे नको) असं बोटं मोजत सांगा. लोणी-सेजमधली तायारीन, म्हणजे बारीक शेवया, छान लागते, फक्त त्यात अंड्याचे बलक भरपूर असतात.

ट्रफल किसून देतो म्हणाले तर आधी ग्रॅमचा भाव विचारा. पांढरी ट्रफल ताटावर किसायच्या आधी आणि नंतर वजन करतात आणि तुम्ही भिडेखातर 'बास' म्हणायला उशीर केलात तर बिल बघून भूक मरते.

९. लेबल वाचायला शिका

बाटलीच्या मानेवर नंबर असलेली डीओसीजीची कागदी पट्टी हवी. वर्ष छापलेलं हवं, ते तोडणीचं वर्ष. २०२० ची बारोलो १ जानेवारी २०२४ च्या आधी विकता येत नाही, हिशोब जुळतो का बघा.

नावांत फसगत होते. बार्बेरा हे वेगळं द्राक्ष, स्वस्त आणि चांगली वाइन, पण बारोलो नाही. माझ्या मैत्रिणीने सहा बाटल्या 'बारोलो स्वस्तात मिळाली' म्हणून भारतात वाटल्यात, सगळ्या बार्बेरा. बार्बारेस्को हे आल्ब्याच्या पलीकडचं शेजारचं गाव, द्राक्ष तेच नेब्बिओलो, पण मुरवणं कमी, २६ महिने. 'बारोलो किनातो' दिसली तर ती जेवणानंतरची गोडसर, कडवट, मसाल्याची वाइन, सिंकोनाची साल घातलेली, तीच जिच्यापासून मलेरियाचं क्विनीन निघतं. ओव्याच्या अर्काची आठवण येते, घरी ज्येष्ठांना बारोलोपेक्षा हीच आवडते.

मोठ्या अक्षरात बारोलो आणि खाली कान्नूबी, ब्रुनाते, चेरेक्वियो, विन्या रियोंदा असं काही असेल तर ते शिवाराचं नाव. अशी अधिकृत १८१ नावं आहेत, १७० शिवारं आणि ११ गावं. नाव आहे म्हणून वाइन भारीच असं नाही, बुस्सिया हे एकच शिवार जवळजवळ ३०० हेक्टरचं आहे, त्यात एक टोक आणि दुसरं टोक सारखं कसं असेल. पहिल्यांदा घेणाऱ्याने शिवाराच्या नावाचे जास्तीचे पैसे देऊ नयेत, साधी बारोलो घ्यावी.

१०. घेणं आणि भारतात नेणं

कांतिनात चांगली साधी बारोलो ३५-४५ युरोपासून पुढे मिळते, सुपरमार्केटमध्ये २० लाही दिसते पण मी त्या वाटेला जात नाही, तेवढ्या पैशात त्याच माणसाची लांगे नेब्बिओलो जास्त आनंद देते. लगेच प्यायची असेल तर २०१४, २०१८ सारखी हलकी वर्षं बघा. २०१० आणि २०१६ मोठी वर्षं, ठेवायची सोय असेल तरच.

भारतात ड्यूटी न भरता माणशी दोन लिटर नेता येतात. आता गणित करा, ७५० मिलीच्या तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर. नवऱ्याने हे गणित मुंबई एअरपोर्टवर कस्टम्ससमोर केलं. दोन मोठ्या आणि एक ३७५ मिलीची अर्धी, असं बसतं. चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून. आणि गुजरातमार्गे घरी जाणार असाल तर मुळात नेऊच नका.

११. घरी उघडताना

'रूम टेंपरेचरला सर्व्ह करा' असं कुठेतरी वाचाल, ती रूम इथली हो. निफाडच्या मे महिन्यातली खोली ३८ डिग्री असते. माझ्या भावाने बाटली स्वयंपाकघरात फडताळावर ठेवली होती, तीन आठवड्यांत बूच वर सरकलं आणि आतून शिजवलेल्या मनुकांचा वास. घरी गेल्यावर सरळ फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात आडवी ठेवा, प्यायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, १६ ते १८ डिग्री पुरे.

जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करा म्हणजे गाळ तळाला बसेल. तरुण असेल तर काचेच्या जगमध्ये ओतून तासभर उघडी ठेवा, तुरटपणा थोडा निवतो. तांब्या-पितळेत ओतू नका. ग्लास मोठ्या पोटाचे आणि तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायचे.

सोबत तिखट नको. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर मी हौसेने उघडली होती, टॅनिन आणि मिरची मिळून जीभ पेटली. अळणी मटण, आळंब्यांची तुपातली भाजी, जुनं चीज, यांच्याबरोबर जमते. उरली तर बूच लावून पुन्हा फ्रिजमध्ये, दोन दिवस टिकते, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच जास्त चांगली लागते.